वाचकांचे प्रश्न : साखळी नेमकी कुठे अडते?

कच्च्या मालापासून पक्क्या मालापर्यंतची उत्पादन साखळी उभारायला लावणाऱ्या, पण दिसायला अगदी साध्या असलेल्या गेमविषयी बरीच पत्रे आली आहेत. काही ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि एका कडेला आकड्यांची पट्टी, एवढ्यावरच हे गेम चालतात. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याच आधाराने दिलेली आहेत.

प्रश्न : मी खेळतो त्या गेममध्ये खाणीतून धातू काढायचा, तो भट्टीत वितळवायचा, त्याचे सुटे भाग करायचे आणि शेवटी ते भाग जुळवायचे, अशी चार टप्प्यांची साखळी आहे. जुळणीची यंत्रे मी दोनाची सहा केली, तरी मिनिटाला तयार होणाऱ्या मालाचा आकडा हललाच नाही. असे का व्हावे?

उत्तर : साखळीतून दर मिनिटाला किती माल बाहेर पडेल, हे तिच्यातील सर्वांत मंद टप्पा ठरवतो. तो टप्पा जागच्या जागी ठेवून इतरत्र कितीही यंत्रे वाढवली, तरी वाढते ती फक्त रिकाम्या उभ्या राहणाऱ्या यंत्रांची संख्या. आपली सहाही जुळणी यंत्रे अधूनमधून मालाची वाट पाहत थांबत असणार. तसे असेल, तर अडचण त्यांच्या मागे कुठेतरी आहे.

ती शोधण्यासाठी शेवटच्या टप्प्यापासून एकेक पट्टा, म्हणजे एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे माल वाहून नेणारी वाट, मागे तपासत जावे. जो पट्टा मालाने गच्च भरून थांबलेला पहिल्यांदा दिसेल, त्याच्या लगेच पुढचा टप्पा मंद आहे, असे समजायला हरकत नाही. कारण त्याच्याकडे माल येतो आहे, पण तो तितक्या वेगाने पुढे जात नाही. भरलेला पट्टा कुठेच सापडला नाही, तर खाणीचाच पुरवठा अपुरा आहे. याउलट शेवटपर्यंतचे सगळेच पट्टे भरलेले असतील, तर साखळीत काहीही बिघडलेले नसून मागणीच कमी आहे.

या पद्धतीत एक फसवी जागा आहे आणि पुष्कळ खेळाडू तिथे चुकतात. एखाद्या यंत्राला दोन प्रकारचा माल लागत असेल, तर त्यातील एका मालाचा पट्टा भरून थांबलेला दिसतो आणि त्या यंत्रावरच संशय जातो. प्रत्यक्षात ते यंत्र दुसऱ्या मालासाठी ताटकळत असते. म्हणून दोन पट्टे जिथे एकत्र येतात तिथे भरलेल्या पट्ट्याकडे दुर्लक्ष करावे आणि रिकाम्या पट्ट्याच्या मागे शोध चालू ठेवावा.

हे झाले बिघडलेल्या साखळीचे. नवी साखळी उभारताना हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करावा. याचे नेटके उदाहरण ‘फॅक्टोरिओ’ या गेममध्ये मिळते. चेक प्रजासत्ताकातील वुबे सॉफ्टवेअर या कंपनीचा, २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेला हा गेम दिसायला मुळीच साधा नाही, परंतु आज जे अनेक छोटे गेम निघत आहेत त्यांच्यामागचे गणित बव्हंशी त्याच्याच वळणाचे आहे. त्यात तांब्याच्या एका पत्र्यापासून अर्ध्या सेकंदात दोन तारा तयार होतात. तीन तारा आणि लोखंडाचा एक पत्रा यांपासून, तेवढ्याच वेळात, एक इलेक्ट्रॉनिक सर्किट बनते. यंत्राचा वेग १ धरला, तर तारेचे एक यंत्र सेकंदाला ४ तारा देते आणि सर्किटच्या एका यंत्राला सेकंदाला ६ तारा लागतात. त्यामुळे तारेची तीन यंत्रे सर्किटच्या दोन यंत्रांना नेमकी पुरतात. दोन्हीकडे सेकंदाला १२ तारांचा हिशेब जुळतो.

आता आणखी एक पाऊल मागे जाऊ. ही पाच यंत्रे सेकंदाला तांब्याचे ६ आणि लोखंडाचे ४ पत्रे खातात. दगडी भट्टीला एक पत्रा काढायला ३.२ सेकंद लागतात, त्यामुळे तांब्यासाठी २० आणि लोखंडासाठी १३ भट्ट्या हव्यात. पाच यंत्रांच्या मागे तेहेतीस भट्ट्या! पहिल्या दर्जाच्या यंत्राचा वेग निम्माच असल्यामुळे सुरुवातीला या आकड्याच्या साधारण निम्म्याने भागते, पण गुणोत्तर तेच राहते. अंदाजाने उभारणारा खेळाडू शेवटच्या टप्प्यावर यंत्रे वाढवतो आणि भट्ट्या मात्र आठ-दहाच ठेवतो, कारण डोळ्यांसमोर सतत शेवटचा टप्पा असतो. आपल्याही साखळीत प्रथम भट्ट्या तपासाव्यात, असे आम्हांला वाटते. भट्ट्या वाढवल्यावर आकडा काही काळ वाढेल आणि मग पुन्हा थांबेल. त्या वेळी मंद टप्पा बदललेला असेल आणि हीच तपासणी पुन्हा करावी लागेल.

प्रश्न : मधल्या टप्प्यावर मी एक मोठे गोदाम बांधले. बराच वेळ सारे सुरळीत चालले होते. मग मी काहीही न बदलता उत्पादन अचानक घसरले. गेममध्येच काही दोष असावा का?

उत्तर : गेममध्ये दोष असण्याची शक्यता फार थोडी आहे. गोदामाने आपली तूट झाकून ठेवली होती, एवढेच. समजा, पुढच्या टप्प्याला सेकंदाला ५ नग लागतात आणि मागून ४ च येतात. गोदामात ६०० नग साठलेले असतील, तर पूर्ण दहा मिनिटे सारे काही उत्तम चालल्याचे दिसेल. अकराव्या मिनिटाला उत्पादन एक पंचमांशाने घटेल आणि ते का घटले याचे कोणतेही ताजे कारण पडद्यावर दिसणार नाही. म्हणून गोदामात किती माल आहे यापेक्षा तो वाढतो आहे की कमी होतो आहे, याकडे लक्ष ठेवावे. नवी साखळी तपासताना तर गोदाम रिकामे ठेवणे किंवा सरळ काढून टाकणे श्रेयस्कर.

गोदामाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो अधिक खोल जातो. रांगांच्या शास्त्रात एक अत्यंत सोपा नियम आहे, ज्याची सर्वसाधारण सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये दिली. एखाद्या स्थिर चालणाऱ्या व्यवस्थेत सरासरी जितके नग आहेत, त्या संख्येला दर सेकंदाला ये-जा करणाऱ्या नगांच्या संख्येने भागले, की एका नगाला आत सरासरी किती वेळ घालवावा लागतो ते मिळते. पट्टा आणि गोदाम मिळून १२० नग असतील आणि सेकंदाला २ बाहेर पडत असतील, तर प्रत्येक नग आत एक मिनिट असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की आपण खाणीपाशी केलेली सुधारणा जुळणीपाशी दिसायला किमान एक मिनिट लागणार. तेवढे न थांबता खेळाडू दुसरी खाण खणतो, मग तिसरी खणतो, आणि थोड्या वेळाने सगळीकडे मालाचे ढीग लागतात.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या गटाने हीच प्रवृत्ती दाखवून देणारा एक पटावरचा खेळ तयार केला होता, तो आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत खेळवला जातो. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका त्यात असतात, आणि मागवलेला माल हाती पडायला प्रत्येक टप्प्यावर उशीर होतो. त्याच्या प्रचलित स्वरूपात ग्राहकांची मागणी फक्त एकदाच बदलते, आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ पेट्यांवर जाते आणि तिथेच राहते. तरीही कारखान्यापर्यंत पोहोचणाऱ्या मागण्या प्रचंड हेलकावे खातात, कारण जो तो वाटेत असलेला माल विसरून पुन्हा मागणी नोंदवतो. आपल्या गेममध्ये चारही भूमिका एकटे आपणच करता, एवढाच काय तो फरक.

प्रश्न : एकाच पट्ट्यावरून मी दोन प्रकारचा माल नेला. थोड्या वेळाने सगळेच ठप्प झाले. पट्टा मोकळा केला की चालते, पण पुन्हा तेच होते.

उत्तर : दोन्ही माल ज्या प्रमाणात येतात नेमक्या त्याच प्रमाणात वापरले जात नाहीत, त्यामुळे जो उरतो तो साठत जातो आणि अखेर पट्टा फक्त त्याच मालाने भरतो. मग दुसऱ्याला आत यायला जागा नसते आणि त्याच्यावाचून पहिला खपत नाही. पट्टा वारंवार मोकळा करणे हा उपाय नव्हे. दोन्ही माल वेगळे न्यावेत, ते शक्य नसेल तर पट्ट्याच्या शेवटी उरलेल्या मालाला बाहेर पडायला वाट द्यावी, किंवा पट्ट्यावर येणाऱ्या प्रत्येक मालाच्या संख्येवर मर्यादा घालावी. बहुतेक गेममध्ये यांपैकी एक तरी सोय असते.

ज्या प्रक्रियेतून एकाच वेळी अनेक पदार्थ निघतात, तिथे हाच प्रकार पट्टा एकच नसतानाही घडतो. ‘फॅक्टोरिओ’मधील प्रगत तेलशुद्धीकरणात १०० एकक कच्चे तेल आणि ५० एकक पाणी घातले, की २५ एकक जड तेल, ४५ एकक हलके तेल आणि ५५ एकक वायू मिळतो. खेळाडूला बहुधा वायूच हवा असतो. जड तेलाची टाकी भरली, की शुद्धीकरण थांबते आणि वायूही थांबतो. वायूची टाकी कोरडी असूनही थांबतो. त्यावर गेमने जड तेलाचे हलक्या तेलात आणि हलक्या तेलाचे वायूत रूपांतर करण्याची सोय ठेवली आहे. नको असलेल्या पदार्थाचे काय करायचे, हे ठरवल्याशिवाय अशी प्रक्रिया सुरूच करू नये.

याहून वाईट कोंडी वर्तुळाकार साखळीत होते. कोळसा खणणारी यंत्रे विजेवर चालतात आणि वीज कोळशावर तयार होते. विजेची मागणी थोडी वाढली, की खणणे मंदावते, त्यामुळे कोळसा घटतो, त्यामुळे वीज आणखी घटते आणि काही मिनिटांत सारा नकाशा अंधारात जातो. वीजघराला कोळसा पुरवणारी यंत्रे तरी त्या विजेवर अवलंबून ठेवू नयेत.

प्रश्न : ठिपके आणि रेषांच्या गेमसाठी पैसे का मोजावेत, असे माझे मित्र विचारतात. कमी चित्रे म्हणजे कमी मेहनत, हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही.

उत्तर : काही गेमच्या बाबतीत तो मुद्दा खरा आहे, त्यामुळे तो सरसकट खोडायचे कारण नाही. चित्रे कमी करणे आणि नियम कमी करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वस्तात होते, दुसरी होत नाही.

२०२० मध्ये आलेला, टोबियास स्प्रिंगर यांचा ‘शेप्झ’ पाहावा. त्यात खाणीतून धातूऐवजी वर्तुळ, चौकोन, तारा असे आकार निघतात. ते कापायचे, फिरवायचे, रंगवायचे, एकावर एक रचायचे आणि मध्यभागी नेऊन द्यायचे. कच्चा माल कधी संपत नाही, यंत्र बांधायला खर्च येत नाही, शत्रू नाहीत, घड्याळ नाही. इतर गेम ज्या ज्या गोष्टींनी खेळाडूला धावपळ करायला लावतात त्या सगळ्या काढून टाकल्यावर उरते ती फक्त रचना, आणि तीच पुढे इतकी अवघड होते, की कोणताही मागितलेला आकार आपोआप बनवणारे एकच यंत्रजाल उभारण्यात खेळाडू आठवडे घालवतात. त्यातही मागितलेला माल काय आहे, हे त्याच्या चित्रावरूनच कळते आणि त्या चित्रातच तो कसा बनवायचा ते दडलेले असते. त्यामुळे कृतींची यादी वेगळी पाठ करावी लागत नाही. हे साधेपण मेहनतीने आलेले आहे.

दुसऱ्या टोकाला ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ आहे, २०१७ मधला, फ्रँक लँट्झ यांचा. त्याचा जवळजवळ सगळा पडदा अक्षरे, आकडे आणि बटणे यांनीच व्यापलेला असतो. एक बटण दाबून एक पेपरक्लिप बनवण्यापासून सुरुवात होते, तारेची खरेदी आणि विक्रीची किंमत सांभाळावी लागते, आणि शेवटी विश्वातील सारे द्रव्य पेपरक्लिपांत बदलण्यापर्यंत मजल जाते. तिथे जागा आणि अंतर यांना फारसे काम नाही. सारा खेळ साठ्यांच्या समतोलाचा आहे. आमची वैयक्तिक पसंती ‘शेप्झ’ला आहे, कारण नुसते आकडे वाढताना पाहण्याचा आनंद आम्हांला लवकर संपणारा वाटतो. ज्यांना तो पुरतो त्यांच्याशी आमचा वाद नाही.

मित्रांसाठी एक कसोटी सुचवतो. गेम थांबवून नुसत्या पडद्याकडे पाहावे आणि साखळी कुठे अडली आहे ते सांगता येते का, हे तपासावे. येत असेल, तर चित्रे विचारपूर्वक कमी केली आहेत. त्यासाठी चार खिडक्या उघडाव्या लागत असतील, तर मित्रांचे म्हणणे बरोबर आहे.

प्रश्न : मी प्रोग्रॅमिंग शिकते आहे आणि असाच एक छोटा गेम करून पाहण्याचा विचार आहे. किती प्रकारचा माल आणि किती टप्पे ठेवावेत? पहिल्या मसुद्यात मी चौदा टप्प्यांची एक साखळी केली, पण ती खेळताना कंटाळा येतो.

उत्तर : कंटाळा येतो तो साखळी सरळ आहे म्हणून. एकामागे एक असे चौदा टप्पे म्हणजे एकच निर्णय चौदा वेळा घेणे होय. खेळाडूला विचार करायला लागतो तो फाट्यांवर, जिथे एकच माल दोन कामांना हवा असतो आणि सर्वांना पुरत नाही. तीन कच्चे माल, त्यांपासून चार-पाच मधले माल आणि दोनच पक्के माल ठेवून पाहावे. मात्र प्रत्येक मधला माल किमान दोन ठिकाणी लागला पाहिजे. चौदा सरळ टप्प्यांपेक्षा असे आठ-दहा माल अधिक काळ गुंतवून ठेवतील.

प्रमाणांची निवड काळजीने करावी. सगळ्या कृती एकास एक असतील, तर हिशेबाची गरजच उरत नाही. सातास अकरा असे प्रमाण ठेवले, तर ते नेमके जुळवायला अठरा यंत्रे लागतात, आणि त्यातून हुशारीऐवजी फक्त चिकाटी तपासली जाते. दोनास एक, तीनास दोन, चारास तीन या घरातली प्रमाणे बरी. ती मनातल्या मनात हिशेब करण्याइतकी सोपी आहेत, आणि दोन-तीन एकमेकांत गुंतली की पुरेशी अवघडही होतात.

अंतराला किंमत असलीच पाहिजे. माल एका क्षणात कुठूनही कुठेही पोहोचत असेल, तर गेम हा एक हिशेबाचा तक्ता होऊन बसतो. पट्ट्याला जागा लागते, दोन पट्टे एकमेकांना सहज ओलांडू शकत नाहीत, एवढ्या दोन अटींनीही रिकाम्या पटावर कोडे उभे राहते. मात्र काढून टाकलेल्या यंत्राचा पूर्ण परतावा द्यावा. मोडून पुन्हा बांधणे फुकट असले, तरच खेळाडू प्रयोग करतो. नाहीतर पहिलीच कशीबशी चालणारी रचना तो शेवटपर्यंत ओढत नेतो.

प्रोग्रॅमविषयी दोन सूचना, ज्या आधी पाळल्या तर पुढचा पुष्कळ त्रास वाचेल. पहिली अशी, की प्रत्येक ठोक्याला, म्हणजे गेमचा हिशेब एकेका पावलाने पुढे सरकतो त्या प्रत्येक पावलाला, यंत्रे यादीच्या क्रमाने चालवून लगेच माल पुढे ढकलू नये. तसे केल्यास यादीतला क्रम अनुकूल असेल, तिथे एकच नग एका ठोक्यात तीन यंत्रांतून पार होतो आणि क्रम उलट असेल, तिथे त्यालाच तीन ठोके लागतात. म्हणजे खेळाडूने यंत्रे कोणत्या क्रमाने बांधली यावर उत्पादन अवलंबून राहते आणि त्याला ते कधीच उमगत नाही. आधी सर्व यंत्रांनी जुनी स्थिती पाहून काय करायचे ते ठरवावे, मग सर्वांनी ते एकदम करावे. दुसरी सूचना म्हणजे माल आणि वेळ पूर्णांकांतच मोजावेत. ०.१ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी साठवता येत नाही, त्यामुळे ती दहा वेळा मिळवल्यावर बेरीज काटेकोरपणे १ येत नाही आणि भरलेले यंत्र अधूनमधून एक ठोका उशिरा सुरू होते. सेकंदाचे साठ ठोके पाडले, की अपूर्णांक बहुतेक वेळा टाळता येतात.

पडद्याविषयी आमचा एकच आग्रह आहे. माल फक्त रंगावरून ओळखावा लागू नये, त्याला वेगळा आकारही असावा. लाल आणि हिरवा यांतील फरक नीट न दिसणे पुरुषांमध्ये बरेच आढळते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. ज्या गेममध्ये पडद्यावर रंगांशिवाय दुसरे फारसे काही नसते, तिथे एवढ्या खेळाडूंना दारातच अडवणे योग्य नाही. आणि यंत्रांच्या कार्यक्षमतेचे टक्के दाखवण्याचा मोह शक्यतो टाळावा. भरलेला पट्टा पाहून अडचण ओळखण्यात जी मौज आहे, ती ‘३७ टक्के’ असा लाल आकडा पाहण्यात नाही.

प्रश्न : मी हिशेब स्प्रेडशीटमध्ये करतो. माझा मुलगा म्हणतो की ही लबाडी आहे. आपले मत काय?

उत्तर : लबाडी नाही. प्रत्येक कृतीला एकच पद्धत असेल, तोवर हा हिशेब साध्या एकरेषीय समीकरणांचा असतो. तो कागदावर केला काय किंवा स्प्रेडशीटमध्ये केला काय, सारखेच. खरी गंमत एकाच मालाच्या दोन पद्धती असतील तेव्हा सुरू होते. कॉफी स्टेन स्टुडिओज या स्वीडिश कंपनीच्या ‘सॅटिस्फॅक्टरी’मध्ये नेहमीच्या पद्धतीने लोखंडाच्या एका खनिजापासून एक लगड मिळते, तर पर्यायी पद्धतीने मिनिटाला ३५ खनिज आणि २० घनमीटर पाणी वापरून ६५ लगडी मिळतात. दुसरी पद्धत खनिज वाचवते, पण पाणी, मोठे यंत्र आणि जास्त वीज मागते. कोणती पद्धत किती प्रमाणात वापरावी हा प्रश्न मग समीकरणांनी सुटत नाही, त्याला एकरेषीय नियोजन, म्हणजे दिलेल्या मर्यादांत सर्वांत फायदेशीर वाटणी शोधण्याचे गणित, लागते.

चिरंजीवांना हेही सांगायला हरकत नाही, की हे गणित एका खऱ्या कारखान्यातूनच जन्माला आले. सोव्हिएत संघातील लिओनिद कांतोरोविच यांच्यापुढे प्लायवुड उद्योगाने वेगवेगळ्या यंत्रांवर कच्चा माल कसा वाटावा हा प्रश्न ठेवला होता, आणि त्यावरचे आपले काम त्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी असे प्रश्न सोडवणारी सिंप्लेक्स पद्धत १९४७ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. कांतोरोविच यांना १९७५ मध्ये च्यालिंग कोपमन्स यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या बहुतेक स्प्रेडशीटमध्ये ही पद्धत वापरणारे साधन उपलब्ध असते. ते आकडे देईल, पण पट्टे कुठून न्यायचे आणि यंत्रे कुठे बसवायची हे सांगणार नाही. तेवढे काम मुलाकडे सोपवून पाहावे.